सोडणे आणि सुटणे

दिल्लीच्या उत्तरेकडील रिजच्या टेकडीवर 'हिंदूराव' या नावाने ओळखला जाणारा एक भाग आहे. तेथील महानगरपालिकेच्या रुग्णालयामुळे हे नाव आज दिल्लीकरांच्या तोंडी असते. ते मूळचे एका मराठी सरदाराचे आहे, याची आठवण मात्र फारच थोड्यांना असते. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा दिल्लीत खून झाला आणि त्यानंतर टेकडीवरील त्याचे घर हिंदूरावांकडे आले. १८५५ मध्ये हिंदूराव निवर्तले, दोनच वर्षांनी त्या घराभोवती रणधुमाळी माजली, पुढे तेथे रुग्णालय झाले. नाव मात्र टिकून राहिले.

या टेकडीच्या उत्तरेला दिल्ली विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला व्हाइसरॉयचे जुने निवासस्थान १९३३ मध्ये मिळाले आणि टेकडीच्या पायथ्याशी एक विद्यानगरी उभी राहिली. टेकडीच्या पूर्वेला सिव्हिल लाइन्समध्ये अलीपूर रस्त्यावरचे २६ क्रमांकाचे घर लागते. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण याच घरात झाले. दर वर्षी मलकागंज, कमलानगर, विजयनगर या वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांत देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलेमुली आपली पेटी-वळकटी उतरवतात. वर्ष सरण्यापूर्वीच त्यांतील काही खोल्या रिकाम्या होतात. टेकडीवरच्या घराने आपल्या गेलेल्या मालकाचे नाव जपले. पायथ्याच्या वर्गातून गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून उतरते आणि त्याच्या जाण्याचा अर्थ काय, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे. विद्यार्थी विद्यापीठात का टिकतो आणि का जातो, याची कारणे शोधणे हे समाजशास्त्राचे काम झाले. परंतु त्या जाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मुळात नैतिक आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मराठी भाषा काही साहाय्य करू शकते.

मराठीत या घटनेसाठी तीन क्रियापदे प्रचलित आहेत. 'त्याने शिक्षण सोडले' हे पहिले विधान. येथे विद्यार्थी कर्ता आहे, निर्णय त्याचा आहे आणि म्हणून दोष अथवा श्रेयही त्याचेच आहे. 'त्याचे शिक्षण सुटले' हे दुसरे. येथे कर्ता दिसत नाही. हातातून दोर सुटावा तसे शिक्षण सुटले, एवढेच कळते. तिसरे क्रियापद सरकारी अहवालांतले: 'गळणे', आणि त्यावरून 'गळती'. नळातून पाणी गळते, झाडाची पाने गळतात, छप्पर गळते. गळतीची चिंता ज्याला असते तो भांड्याचा धनी असतो. गळालेल्या थेंबाचे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एकाच घटनेची ही तीन रूपे नाहीत. ती तीन भिन्न नैतिक विधाने आहेत आणि त्यांतील कोणते केव्हा योजावे, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे.

परंपरेने विद्यार्थिदशेच्या समाप्तीला एक चौथाही शब्द दिला होता: सोडमुंज. गुरुगृही अध्ययन पूर्ण करून ब्रह्मचर्याश्रमातून बाहेर पडण्याचा हा संस्कार. संस्कृतात त्याला समावर्तन म्हणतात, म्हणजे परत येणे. येथे 'सोडणे' आहे, परंतु ते पूर्ततेचे सोडणे आहे आणि समाज त्याला साक्षी आहे. अर्थात ज्यांना मुळात मुंजीचाच अधिकार नव्हता, त्या स्त्रियांच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला ना ते धरणे आले ना ते सोडणे. आधुनिक विद्यापीठाने हा अधिकार तत्त्वतः सर्वांना दिला, आणि सोडमुंजीच्या जागी पदवीदान समारंभ आणला. मात्र अर्ध्यावरून जाणाऱ्यासाठी परंपरेतही संस्कार नव्हता आणि विद्यापीठातही समारंभ नाही. तो निघतो तेव्हा त्याला कोणी साक्षी नसतो. पुष्कळदा तो गेला हे समजते तेच मुळी परीक्षेचा अर्ज आला नाही म्हणून.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी मांडला. १९७५ चा त्यांचा निबंध आणि १९८७ चा ग्रंथ यांमुळे विद्यार्थ्याचे जाणे ही केवळ बुद्धीची वा चिकाटीची उणीव आहे, या समजुतीला धक्का बसला. टिंटो यांनी आपल्या उपपत्तीचा एक आधार एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येवरील १८९७ च्या ग्रंथात शोधला. समूहाशी असलेले बंध क्षीण झाले म्हणजे माणूस जीवनाचा त्याग करतो, असे दुर्खीम यांचे एक प्रतिपादन होते. त्याच धर्तीवर, विद्यार्थ्याचे विद्यापीठाच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनाशी बंध जुळले नाहीत तर तो विद्यापीठाचा त्याग करतो, असे टिंटो यांनी म्हटले. पुढे त्यांनी आर्नोल्ड व्हान जेनेप यांच्या संक्रमणविधींच्या विचाराचाही उपयोग केला: जुन्या समूहापासून वियोग, मधली संक्रमणावस्था आणि नव्या समूहात समावेश. वर्गात आपण ओळखले जातो का, शिक्षकाशी कधी बोलणे होते का, आपल्याला येथे स्थान आहे असे वाटते का, या साध्या गोष्टींवर टिकणे अवलंबून असते, ही त्यांची दृष्टी आजही मोलाची आहे.

परंतु या उपपत्तीवर विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप भारतीय वाचकाला विशेष विचार करायला लावणारा आहे. संक्रमणविधी हे एका संस्कृतीच्या आत घडतात. तरुणाला त्याच समाजाचा प्रौढ घटक बनवणे हे त्यांचे कार्य. जो विद्यार्थी वेगळ्या, आणि दुय्यम लेखलेल्या, समाजातून येतो त्याने वियोग पत्करून समाविष्ट व्हावे अशी अपेक्षा करणे म्हणजे आपल्या संस्कृतीचा त्याग ही टिकण्याची अट ठरवणे होय. येथे प्रश्नाची दिशा पालटते. विद्यार्थी विद्यापीठाशी एकरूप का झाला नाही, असे न विचारता, विद्यापीठ कोणाच्या घरासारखे बांधले गेले आहे, असे विचारावे लागते. ज्याच्या घरात पुस्तकांची कपाटे होती त्याला ग्रंथालय हे घराचे दालन वाटते. ज्याच्या घरातून आजवर कोणी शाळेच्या पलीकडे गेले नाही, त्याला तेथील शांततेचीही भीती वाटू शकते. दोघांच्या हजेरीपटावरील खाड्यांची संख्या सारखी असली तरी त्या खाड्यांचा अर्थ सारखा नसतो.

याचा अर्थ स्वेच्छेने सोडणे असे काही नसतेच, असा मात्र नव्हे. विनोबा भावे यांचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकणारा हा तरुण १९१६ च्या मार्चमध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, सुरतेला उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. त्यापूर्वीच त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या समोर चुलीत घातली होती. हे सोडणे आहे. कर्ता स्पष्ट आहे, हेतू स्पष्ट आहे आणि परिणामांची जबाबदारीही त्याने आयुष्यभर वाहिली. विनोबांनी विद्यापीठ सोडले, विद्या सोडली नाही. उलट अध्ययन त्यांच्या जीवनाचा श्वास राहिले. त्यानंतर चारच वर्षांनी असहकाराच्या हाकेसरशी अनेक विद्यार्थी सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडले. त्यांच्यासाठी १९२० मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, १९२१ मध्ये पुण्याला टिळक विद्यापीठ उभे राहिले. १९२० मध्ये अलीगढला स्थापन झालेली जामिया मिल्लिया १९२५ मध्ये दिल्लीत आली. सोडा असे सांगणाऱ्यांनी, सोडून जायचे कोठे, याचाही विचार केला होता.

तरीही विनोबांच्या उदाहरणाचा वापर सावधपणे करावयास हवा. प्रमाणपत्र चुलीत घालण्याचे धैर्य थोर आहे. परंतु ते धैर्य ज्या सामाजिक भूमीवर उभे होते तीही लक्षात घ्यावी लागते. प्रमाणपत्राशिवाय ज्याची विद्वत्ता समाज मान्य करतो, त्याला प्रमाणपत्र जाळता येते. ज्याच्या जातीला अथवा जिच्या स्त्रीत्वाला समाजाने अज्ञान चिकटवून ठेवले आहे, त्यांच्यासाठी तोच कागद म्हणजे दारावरील द्वारपालास दाखवावयाची खूण असते. एकाच कृतीचे नैतिक मोल कर्त्याच्या स्थानानुसार बदलते, हे तत्त्व अन्यत्र सर्वमान्य आहे. शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो आणि यशस्वी 'सोडणाऱ्यां'च्या कथा सुटलेल्यांना उपदेश म्हणून ऐकवल्या जातात.

सुटण्याच्या दोन मराठी कथा या संदर्भात अधिक बोलक्या आहेत. पहिली जोतीराव फुले यांची. त्यांना वडिलांनी शाळेत घातले, आणि मुलगा शिकला तर बिघडेल असे कान भरले गेल्यामुळे शाळेतून काढलेही. मुलगा मळ्यात कामाला लागला. चरित्रकार सांगतात की गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी हेरली, गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. दुसरी कथा डॉ. आंबेडकर यांची. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंधाचे आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचे काम सुरू झाले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अर्धे काम टाकून परतावे लागले. पुढचे बडोद्यातील दिवस सर्वज्ञात आहेत. परदेशी विद्यापीठाची पदवी असलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही.

ज्या वर्षी आंबेडकर परतले त्या वर्षीच्या कोणत्याही नोंदवहीत त्यांची नोंद अपूर्ण अभ्यासक्रम अशीच झाली असणार. आजच्या अहवालाच्या भाषेत ती एक 'गळती' होती. परंतु लंडन विद्यापीठाने एक गोष्ट केली होती: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुढे चालू करण्याची मुभा त्यांना दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून आंबेडकरांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरी, असा तो अर्धवट राहिलेला धागा पूर्ण झाला. अलीपूर रस्त्यावरच्या घराशी उभे राहणाऱ्याने हे स्मरणात ठेवावे की, ज्या विद्वत्तेचे ते स्मारक आहे तीत तीन वर्षांची एक सक्तीची खंडितता आहे.

या दोन्ही कथांत सुटणे आणि परतणे यांच्या मध्ये कोणीतरी तिसरा उभा आहे. फुल्यांच्या बाबतीत दोन शेजारी, आंबेडकरांच्या बाबतीत एक राजा, एक मित्र आणि मुदतीची तरतूद ठेवणारी एक संस्था. दोघांच्याही असामान्य प्रज्ञेविषयी आणि निर्धाराविषयी शंका नाही. पण केवळ प्रज्ञा आणि निर्धार यांनी परतता येते असे म्हणणे हा त्या शेजाऱ्यांवर आणि त्या मित्रावर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय आहे तो न परतलेल्यांवर. कारण परतलेल्यांचीच चरित्रे लिहिली जातात. फुल्यांच्या काळात शाळेतून मळ्यात गेलेल्या आणि मळ्यातच राहिलेल्या मुलांमध्ये प्रज्ञा नव्हती, असे कोणत्या पुराव्याने म्हणता येईल?

न टिकलेल्याचे मनोगत मराठीत आले ते चरित्रातून नव्हे, कादंबरीतून. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याला महाविद्यालयात येतो आणि शेवटी पदवीविना गावी परततो. तो दरिद्री नाही. बापाने पैसे पाठवले आहेत. वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन या सर्वांत तो सहभागी होतो. म्हणजे टिंटो यांच्या अर्थाने त्याचे सामाजिक बंध अगदीच जुळले नाहीत असेही नाही. तरीही या साऱ्याचा अर्थ त्याला लागत नाही. 'कोसला'ने मराठी वाचकाला जे अस्वस्थ केले त्याचे एक कारण हे असावे की, तिने टिकण्याच्या मूल्यालाच प्रश्न विचारला. जे टिकतात ते कशासाठी टिकतात? टर्म भरणे, एटीकेटी सोडवणे, गाईड पाठ करणे आणि वर्ग मिळवणे यांतून पदवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी विद्येपर्यंत पोहोचला असे मानता येईल काय? हजेरीपटावर नाव असूनही ज्याचे शिक्षण केव्हाच सुटले आहे, असा विद्यार्थी कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही. सांगवीकराचे जाणे हे सोडणे की सुटणे, याचा निर्णय कादंबरी देत नाही, आणि हा तिचा प्रामाणिकपणा आहे. प्रत्यक्ष जीवनातही ही दोन क्रियापदे पुष्कळदा एकमेकांत मिसळलेली असतात. माणूस जे हातातून सुटत चालले आहे ते स्वाभिमानापोटी स्वतःहून सोडतो, आणि मग आपणच सोडले असे सांगतो. हे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. त्याच्यावतीने ते इतरांनी सांगावे काय, हा वेगळा प्रश्न आहे.

या वेगळ्या प्रश्नाचे एक ताजे उदाहरण २०२३ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत दिसले. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार त्यापूर्वीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय.आय.टी. आणि आय.आय.एम. या संस्थांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांतील १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. त्यांपैकी ९,६४२ केंद्रीय विद्यापीठांतले होते. उत्तरात असेही म्हटले होते की, उच्च शिक्षणात विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात आणि ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत, एका अभ्यासक्रमातून दुसऱ्या अभ्यासक्रमात जाण्याची निवड करतात. त्यांतील काहींनी खरोखरच अधिक चांगल्या जागेसाठी स्थलांतर केले असेल, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रत्येकाला विचारल्यावाचून सर्वांच्या जाण्याला निवड म्हणणे, म्हणजे 'सुटले' या जागी 'सोडले' लिहिणे होय. व्याकरणातील हा एक बदल जबाबदारीचे सारे ओझे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवतो.

सुटण्याला किती थोडे कारण पुरते याची साक्ष पुढच्याच वर्षी दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, मिळाली. मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली होती. १७,५०० रुपये मुदतीच्या शेवटच्या घटकेपर्यंत जमवता जमवता वेळ टळली आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील आपला विशेषाधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्याय झाला, याचा आनंद आहेच. पण काही हजार रुपये आणि काही मिनिटे यांच्या फरकाने सुटलेले शिक्षण परत मिळण्यासाठी देशातील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागावे, यात त्या तिसऱ्या माणसाची अनुपस्थिती उघड होते. शेजारी गफार बेग जे करू शकले ते करण्याची सोय नियमात नव्हती.

ही सोय नियमात, किंबहुना संस्थेच्या रचनेतच, असावी असा विचार करणारी एक परंपरा महाराष्ट्रात आहे आणि तिचा पुरेसा विचार झालेला नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि नंतर निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. खेड्यातला मुलगा बुद्धीच्या अभावी जात नाही, भाकरीच्या आणि छपराच्या अभावी जातो, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून 'कमवा आणि शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणात आणले. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी भरवण्याची योजना केली. दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला घड्याळामुळे शिक्षण सुटू नये, हा त्यामागील हेतू. या तिघांनी विद्यार्थ्याला टिकून राहण्याचा उपदेश केला असेलही, पण त्याआधी त्यांनी जेवण, जागा आणि वेळ यांची व्यवस्था केली. दिल्ली विद्यापीठानेही १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू करून, आणि ज्या स्त्रियांना नित्य वर्गात येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी स्वतंत्र मंडळ चालवून, हेच तत्त्व आपल्या परीने मान्य केले आहे.

या व्यवस्थेचा खर्च कोणी सोसावा, हा आक्षेप नवा नाही. सार्वजनिक पैशावर शिकणाऱ्याने अर्ध्यावर जाणे म्हणजे समाजाचे ऋण बुडवणे होय, असा युक्तिवाद केला जातो. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमांतून भरते आणि तिचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, हे निदर्शनास आणले होते. त्या युक्तिवादाचा रोख ध्यानात घेतला तर ऋणाची दिशा उलटी दिसते. ज्यांच्या श्रमांवर महाविद्यालये उभी राहिली त्यांच्या घरातील पहिला विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा तो ऋणको म्हणून येत नाही. तो गेला तर पैसे वाया गेले, एवढाच हिशेब मांडणारी संस्था आपल्यावरील थकबाकी विसरलेली असते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आणि त्यानुसार दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून आलेल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन विद्यार्थ्याला बाहेर पडता येते. प्रमाणपत्र वा पदविका घेऊन गेलेल्याला तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत शिक्षण पूर्ण करता येते. वरवर पाहता, लंडन विद्यापीठाने एका आंबेडकरांना दिलेली मुभा आता सर्वांना मिळाली आहे. ज्याची पहिली दोन वर्षे आजवर मातीमोल होत त्याच्या हाती निदान त्यांचा पुरावा राहील, हे या योजनेचे निर्विवाद मोल आहे. पदवीविना परतणाऱ्याला साक्षी नसतो, असे वर म्हटले. तो साक्षी या कागदाच्या रूपाने मिळू शकतो.

धोका अन्यत्र आहे. बाहेर पडण्याच्या प्रत्येक दारावर सन्मानाची पाटी लावली की, त्या दारातून जाणारा प्रत्येक जण सन्मानाने गेला असे मानणे सोपे होते. एका वर्षाने फी भरणे अशक्य झाले म्हणून गेलेली मुलगी आणि दुसरा व्यवसाय आवडला म्हणून गेलेला मुलगा, दोघांच्याही हाती एकच प्रमाणपत्र असेल. आणि नोंदीत दोघेही 'निर्गमित' असतील. गळतीचा आकडा त्यामुळे खाली येईल, परंतु सुटणे कमी झाले असेल असे नाही. परतीच्या तीन वर्षांत त्या मुलीकडे कोण जाणार? तिच्या वडिलांची समजूत कोण घालणार? आंबेडकरांना मुदत मिळाली होती, पण मुदतीने त्यांना लंडनला नेले नाही. मुदतीच्या जोडीला शाहू महाराज आणि भथेना होते. परतीचा खर्च ज्याचा त्याने सोसावा असे ठरले, तर उघडे असलेले दारही भिंतीपेक्षा फारसे वेगळे राहत नाही.

यावरून विद्यापीठाच्या नैतिक परीक्षेची एक कसोटी सुचवता येईल. किती विद्यार्थी टिकले, हा त्या परीक्षेचा प्राथमिक प्रश्न असू शकतो, अंतिम नव्हे. सर्वांना धरून ठेवणे हे तुरुंगालाही जमते. आणि ज्याला खरोखर सोडावयाचे आहे त्याला सोडू देणे हा त्याच्या स्वातंत्र्याचा मान आहे. अंतिम प्रश्न असा की, जाणाऱ्याला 'सोडले' असे खरेपणाने म्हणता यावे, यासाठी संस्थेने काय केले होते. जेवणाची, राहण्याची आणि वेळेची सोय होती काय? त्याची भाषा, त्याचे घर, त्याचे नाव यांना वर्गात स्थान होते काय? तो दिसेनासा झाला तेव्हा कोणी चौकशी केली काय? आणि परत यावेसे वाटले तर त्या वाटेचा खर्च कोण सोसणार होते? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर विद्यार्थ्याचे जाणे हा त्याचा निर्णय आणि त्याचा अधिकार आहे. ती नसतील, तर 'सोडले' हे क्रियापद वापरण्याचा अधिकार संस्थेला नाही.

हिंदूरावांच्या घराजवळच रिजवर अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने तो चौदाव्या शतकात मेरठहून आणवला. अठराव्या शतकाच्या आरंभी एका स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. दीडशे वर्षे ते तुकडे तसेच होते. लेखाचा भाग तर कलकत्त्याला नेण्यात आला होता. तो परत आणून, तुकडे सांधून, १८६७ मध्ये स्तंभ पुन्हा उभा करण्यात आला. सांधे आजही दिसतात आणि लेखाची अक्षरे झिजलेली आहेत. पण एवढे खरे की दगड आपण होऊन परत उभा राहिला नाही. कोणाला तरी ते तुकडे आपल्या जबाबदारीचे वाटले, म्हणून तो उभा आहे. टेकडीच्या पायथ्याशी रिकाम्या झालेल्या खोलीतून आपली पेटी घेऊन स्थानकाकडे निघालेल्या मुलाविषयी तसे कोणाला वाटते काय, यावर त्याच्यासाठी कोणते क्रियापद योजावे हे ठरेल.